आईचा उलटा टॅब

वर्षावासात आमच्या पुंडलिकनगरच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि वाचायला माझी आई बसते. बारीक अक्षर तिला दिसत नाही, म्हणून ती टॅबवर हरभऱ्याएवढी अक्षरं करून वाचते. गेल्या वर्षी वर्षावासाच्या तोंडावर टॅबवर पुस्तकच उघडेना. पैठणगेटचा मोबाईलवाला म्हणाला, "कंपनीनेच छोड दिया इसको, भाऊ. नवा घ्या."

चालत्या वस्तूला टाकून देणं माझ्या स्वभावात नाही. मी आईला म्हणालो, "मी यात लिनक्स टाकतो."

"काय बी टाक. मला वाचता आलं पाह्यजे. शेजारीण माझ्या जागेवर टपूनच बसलीय."

कॉम्प्युटरवर विंडोज काढून मी ही फुकटची सिस्टीम कैकदा टाकलीय. एकच फाइल कुठंही चालते. त्याच मस्तीत ती टॅबवर चढवायला गेलो. टॅबचा प्रोसेसर एआरएमचा, म्हणजे मोबाईलच्या जातीचा, तो हूं की चूं करेना. मग कळलं, इथं प्रत्येक मॉडेलची फाइल वेगळी, शिंप्यानं माप घेऊन शिवल्यासारखी. आमच्या टॅबची नव्हतीच. त्याच्या भावंडाची, म्हणजे त्याच कंपनीच्या जवळच्या मॉडेलची होती, तीच घातली.

टॅब सुरू झाला! आवाज नाही, कॅमेरा नाही आणि चित्र उलटं. आईनं टॅब गर्रकन फिरवला. "दिसतंय की." पण चित्र फिरलं तरी बोटाच्या दिशा तशाच राहिल्या. डावीकडं दाबलं की उजवीकडचं उघडायचं. मी कपाळाला हात लावला. आईनं मात्र दोन दिवस सराव केला आणि पहिल्या संध्याकाळी न अडखळता वाचलं. मागं सतरंजीवर बसून छाती मी फुगवली.

तिथंच थांबायला हवं होतं. पण रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या फोरमवर मी रोज रडगाणं गायलो. महिनाभर खपून परदेशातल्या एका भल्या माणसानं खास आमच्या टॅबची फाइल बनवली. चित्र सरळ, बोटही सरळ. आईला न विचारता मी ती टाकली.

त्या संध्याकाळी आई सवयीच्या बाजूला बोट लावून पुढच्या पानावर जायला गेली ती मागं गेली. पुन्हा तेच. एकच परिच्छेद तिनं तीनदा वाचला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी शेजारणीनं पुस्तक उघडलं आणि घाईघाईत दोन पानं गाळून वाचायला लागली. आई मान खाली घालून बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घराच्या दाराशी आल्यावर ती म्हणाली, "लई हुशार हायस तू. पण बोट माझं हाय नं? इचारायचं तरी."

जुनी फाइल मी पुसली होती आणि साइटवर भावंडाचीही आता सुधारलेलीच होती. मी त्या भल्या माणसाला लिहिलं, "तो बिघाड परत मिळेल का?"

"का?" त्यानं विचारलं.

"आईला वाचायचंय."

बिचाऱ्यानं मुकाट जुनी फाइल पाठवली. दुसऱ्या संध्याकाळी आई जागेवर बसली, टॅब उलटा धरला आणि शेजारणीकडं न बघता त्या गाळलेल्या दोन पानांपासून वाचायला सुरुवात केली.