पान पासष्ट ते ऐंशी

माझ्या वहिनींनी आयुष्यात एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं नसेल, पण आमच्या घरात त्यांच्याइतकं वाचलेलं दुसरं कोणी नव्हतं. त्या बाइंडिंगखान्यात कामाला होत्या. छापखान्यातून मोठाले कागद यायचे. त्यांच्या घड्या घालून सोळा पानांचा एक फर्मा करायचा, फर्मे ओळीने लावून दोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावायची आणि वर पुठ्ठा चढवायचा. घड्या घालणाऱ्या एकेका बाईच्या वाट्याला एकच फर्मा. वहिनी घडी घालता घालता वाचायच्या. त्यामुळे शेकडो पुस्तकांची सोळा-सोळा पानं त्यांना ठाऊक होती. खून कोणी केला ते माहीत, खून कोणाचा झाला ते माहीत नाही. "थांबा वन्सं, पलीकडच्या टेबलावरच्या बाईला विचारते," म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारून यायच्या.

मी त्यांची नणंद. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी परत आलेली, एका कचेरीत टायपिस्ट, जिभेला हाड नसलेली. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे केलं ते वाचून तुम्ही मला नावं ठेवणारच आहात, तर निदान ओळख तरी असू द्या.

घरात आम्ही पाच माणसं. मी, दादा, वहिनी, त्यांची दहा वर्षांची चिमी, आणि आमचे वडील नाना. नाना निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी तरुणपणी मुलांसाठी प्राचीन कथांचं एक पुस्तक तयार केलं होतं आणि ते शाळांतून लागलं होतं. तेवढ्या एका पुस्तकाच्या जोरावर नाना उरलेलं आयुष्य ताठ मानेने बसून होते. आमचा दादा म्हणजे वडिलांपुढे तोंडातून ब्र न काढणारा माणूस. एवढं सांगितलं की त्याच्याबद्दल सांगायचं काही उरत नाही.

चिमीला आकडी यायची. दोनदा वर्गात पडली, तशी शाळेने तिला घरी पाठवून दिलं. पुढे दोनच वाटा होत्या. एक म्हणजे घरी शिकवायची सरकारी परवानगी, दुसरी परगावची संस्था. तिथे अशा मुलांना खाटेला पट्ट्याने बांधून ठेवतात आणि आईबापांना महिन्यातून एकदा भेटू देतात. वहिनी ती संस्था बघून आल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. मग नानांच्या नावावर परवानगी मिळाली. अट अशी की शिकवायचं फक्त नानांनी. वहिनी सातवीत शाळेतून काढलेल्या, त्यांचं नाव घालून अर्ज मंजूर झालाच नसता. अर्ज मीच टाइप केला होता. वर्षातून एकदा तपासनीस बाई येणार आणि मुलीला प्रश्न विचारणार. नापास झाली तर संस्था.

नानांनी आठ दिवस शिकवलं. नवव्या दिवशी त्यांना पोरीचा कंटाळा आला आणि सगळा भार वहिनींवर पडला. सकाळी बाइंडिंगखाना, दुपारी घरी आणलेल्या घड्यांचं काम, आणि ते करता करता चिमीची शाळा. गणित व्हायचं, भूगोल व्हायचा. प्राचीन कथांपाशी मात्र गाडी अडली.

झालं होतं असं. बाइंडिंगखान्यात एका ग्रंथालयाची जुनी, पानं सुटलेली पुस्तकं दुरुस्तीला आली होती. त्यांत नानांच्या पुस्तकातल्याच प्राचीन कथा होत्या, पण त्याच्या पन्नास वर्षं आधी छापलेल्या. त्यात सृष्टी एका आईने केली होती. काळोखात बसून तिने पहिल्यांदा जमीन अंथरली, मग नद्या ओवल्या, आणि दमल्यावर पुरुष नावाचा एक सोबती केला, गप्पा मारायला. आकडे मोजायला शिकवणारी देवी होती, वेशीची राखण करणारी देवी होती, राजांच्या बायकांना, लेकींना नावं होती. नानांच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. तिथे सृष्टी एकट्या बापाने केली होती. पुढे पासष्टाव्या पानापासून ऐंशीपर्यंत राजांची वंशावळ. याला तो झाला, त्याला हा झाला.

वहिनींनी जेवताना सहज विचारलं, "नाना, एवढे सगळे राजे झाले कुठून? यात बाई तर एकही नाही."

मला हसू आवरेना. नाना ताटावरून मान वर न करता म्हणाले, "मुलांच्या पुस्तकात पसारा नको म्हणून काढल्या. तू घड्या घाल, सूनबाई."

वहिनींनी घड्या घातल्या. महिन्याभराने त्यांनी जे केलं ते फक्त बाइंडिंगखान्यातल्या बाईलाच सुचलं असतं. चांगला कागद आणून त्यांनी सोळा पानांचा फर्मा केला. त्यावर आपल्या बारीक, सरळ अक्षरात त्या आईची, त्या देवींची, राण्यांची गोष्ट लिहिली. पण पुस्तकात एक फर्मा वाढवला तर पाठ फुगते, पुठ्ठा नीट बसत नाही. नानांना मोतीबिंदू झालेला, ते आपलं पुस्तक हातातल्या जाडीवरून ओळखायचे. म्हणून वहिनींनी एक फर्मा घातला आणि एक काढला. वंशावळीचा काढला. ती यादी कोण विचारणार, असं त्यांना वाटलं. नव्या पानांवर पासष्ट ते ऐंशी आकडेसुद्धा घातले आणि अशी शिलाई केली की पुस्तक तिथे उघडल्याशिवाय कोणाला शंका येऊ नये.

चिमीने ती पानं वाचून वाचून मऊ केली. आकडी येऊन गेल्यावर पोर अर्धा तास कुणाशी बोलायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडायची. त्या वर्षी ती उठून म्हणायला लागली, "जमीन अंथरणारी पण दमायची ना, आई?" वहिनी म्हणायच्या, "दमायची म्हणजे काय, चांगली आडवी व्हायची." मी हे दारातून ऐकायचे आणि मला वहिनींचा राग यायचा. खरंच यायचा. मी पदवीधर, आणि माझ्याजवळ येऊन असं कोणी कधी काही विचारलं नव्हतं.

तपासनीस बाई आल्या. चष्मा, काखेत फाइल, नाकावर माशी बसू न देणारी बाई. गणित झालं, भूगोल झाला, चिमी धडाधड उत्तरं देत होती. मग बाईंनी नानांचं पुस्तक मागितलं. स्वतःची प्रत त्यांनी आणलीच होती.

"पान सत्तर. दहावा राजा कोणाचा मुलगा?"

चिमी म्हणाली, "पान सत्तरवर वेशीची देवी आहे."

बाईंनी तिच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. पासष्ट ते ऐंशी उलटून पाहिलं. "हे हाताने कोणी लिहिलं? या मुलीला शिकवतं कोण?"

वहिनी तोंड उघडणार एवढ्यात नाना बोलले. आवाज अगदी वर्गातला. "शिकवतो मी. पुस्तक उसवलं होतं म्हणून सुनेने कारखान्यात नेऊन शिवून आणलं. तिथे कुणाची तरी पानं यात घुसली असतील. तिला वाचता येत नाही, तिला काय कळणार?"

बाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी खाली पाहिलं. परवानगी नानांच्या नावावर होती, खरं बोललं की ती गेली, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. "पंधरा दिवसांनी येते," बाई म्हणाल्या, "वंशावळ तोंडपाठ हवी."

त्या गेल्यावर नाना ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वहिनींना समोर बसवलं आणि त्यांच्याच हाताने त्यांची शिलाई उसवायला लावली. राजांचा फर्मा वहिनींनी जपून ठेवला होता. कामाच्या सवयीने त्यांच्याच्याने छापलेलं पान कधी टाकवलं नाही. तो परत शिवायला लावला. उसवलेली पानं नानांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "फाड."

मी वरवर चाळली. शेवटच्या पानावर एक नाव होतं. नानांच्या या पुस्तकाची हस्तलिखित प्रत तीन वेळा सुवाच्य अक्षरात काढून देणाऱ्या बाईचं, म्हणजे माझ्या मेलेल्या आईचं. छापील पुस्तकात ते कुठेच नाही. वहिनींनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. मीच कधीतरी भांडी विसळताना बोलले असेन. ते नाव मी वाचलं, आणि तरी फाडलं. चार तुकडे केले, मग आठ. चिमी बघत होती.

पुढचे पंधरा दिवस घरात एकच चाललं. नाना खुर्चीत, चिमी समोर उभी. याला तो, त्याला हा. चुकली की पहिल्यापासून. एकदा अकराव्या राजापाशी तिला आकडी आली. जमिनीवर आदळली, तोंडाला फेस आला. वहिनी धावल्या, कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. नाना खुर्चीतून हलले नाहीत. पोरीने डोळे उघडले तसे म्हणाले, "हं. अकरावा." वहिनींनी दादाकडे पाहिलं. दादा चप्पल घालून बाहेर निघून गेला.

राजे नानांनी पाठ करून घेतले, आणि खोटं बोलायला मी शिकवलं. बाई मुलीला आईबद्दल विचारणार, याची मला खात्री होती. सकाळी वहिनी बाइंडिंगखान्यात गेल्या की कचेरीला निघण्याआधी मी चिमीला घेऊन बसायचे.

"आईला वाचता येतं का?"

"येतं."

"पुन्हा. आईला वाचता येतं का?"

"पण आत्या, ते खोटं आहे."

"राजेही खोटेच आहेत. ते पाठ केलेस ना? अडखळलीस तर पट्ट्याने बांधतील. आई महिन्यातून एकदा दिसेल, तीही गजाआडून. सांग, येतं का?"

चौथ्या दिवशी ती न अडखळता 'येत नाही' म्हणायला लागली. मी शाबासकी म्हणून तिच्या पाठीवर थाप मारली. मी हे पोरीसाठी केलं असं वर्षानुवर्षं सांगत आले. ते खरंही आहे. पण ते शिकवताना मला मनातून थोडं बरं वाटत होतं, आणि तेही तितकंच खरं आहे.

बाई पंधराव्या दिवशी बरोबर दहा वाजता हजर. चिमीने सगळे राजे एका दमात म्हणून टाकले. "सृष्टी कोणी केली?" "बापाने." "एकट्याने?" "एकट्याने." बाईंनी फाइल मिटली, मग उगाचच आठवल्यासारखं विचारलं, "तुझी आई काय करते गं?"

वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभ्या होत्या. मी काय शिकवलंय ते त्यांना मी सांगितलं नव्हतं.

"आई पुस्तकं शिवते," चिमी म्हणाली. "तिला वाचता येत नाही. तिला काहीच येत नाही."

शेवटचं वाक्य मी शिकवलं नव्हतं. ते पोरीने स्वतःच्या मनाने जोडलं, बाईंची पक्की खात्री पटावी म्हणून.

वहिनींनी ग्लास टेबलावर ठेवला. एक थेंब सांडला नाही. बाईंनी परवानगीचा कागद पुढे केला. शिक्षक म्हणून नानांची सही, पालक म्हणून दादाची. तिसरी रेघ आईची. वहिनींचा हात सवयीने पेनाकडे गेला. नाना खोकले. मी पेन उचलून घेतलं आणि शाईचं पॅड त्यांच्यासमोर सरकवलं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी सुटले असते. घडी घालण्याआधी कागद सरळ आहे की नाही हे त्या जसं बघायच्या, तसं पाहिलं. मग त्यांनी अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. बाई म्हणाल्या, "जरा जोरात दाबा." त्यांनी परत दाबला.

चिमी घरी राहिली. संस्था टळली. नानांनी बाईंना फाटकापर्यंत पोचवलं.

त्या दुपारी वहिनी नेहमीसारख्या घड्यांचा गठ्ठा घेऊन बसल्या. चिमी त्यांच्या मांडीला खेटली. आपण पास झालो, आता सगळं पहिल्यासारखं होणार, अशी तिची समजूत. तिने गठ्ठ्यातला वरचा कागद उचलून आईपुढे धरला. "आई, यात काय लिहिलंय? वाच ना."

वहिनींनी तो तिच्या हातातून घेतला, टोकाला टोक जुळवून घडी घातली, आणि अंगठ्याने दाबून पक्की केली. शाई अजून गेली नव्हती, कडेला डाग पडला.

"आत्याला विचार," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नाही."

पोरीला वाटलं, आई थट्टा करतेय. ती हसली, आणि पुढचा कागद काढून परत विचारू लागली. वहिनींनी तेच उत्तर दिलं. तिसऱ्या कागदाला चिमी रडायला लागली. वहिनी घड्या घालत राहिल्या. त्यानंतर सतरा वर्षं त्या आमच्या घरात होत्या, आणि कुणी काही वाचून दाखवा म्हटलं, की हेच म्हणायच्या.