थंड नूडल्सचा उन्हाळा

त्या वर्षी मे महिन्यात माझ्या बायकोला फोडणीचा वास सहन होईना. मार्चमध्ये तिच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि आता दर एकवीस दिवसांनी केमो चालू होती. स्वयंपाकघरात जिरं तडतडलं की पलीकडच्या खोलीतून ती तोंडाला पदर लावून बाथरूमकडे धावायची. भात उकळला तरी तेच. दूध तर पोटात ठरतच नव्हतं. चमचाभर दह्यानंही उलटी व्हायची.

डॉक्टर म्हणाले, "दूध सध्या बंदच ठेवा. जे जाईल ते द्या, पण उपाशी ठेवू नका. वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल."

आता काय जाईल, हेच तर कुणाला ठाऊक नव्हतं. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. चहा सोडला तर मला काही करता येत नव्हतं. स्वयंपाकाच्या बाईंना वासामुळे मीच येऊ नका म्हटलं होतं. नारळपाणी, टरबूज, पाण्यात कालवलेला सत्तू, यावर चार दिवस निघाले. पाचव्या दिवशी तिनं सत्तूचा पेला हातानं बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. राऊ गावातल्या आमच्या नव्या कॉलनीत झाडं अजून लहान आहेत, त्यामुळे दहा वाजल्यापासूनच भिंती तापायच्या. ती झोपली नव्हती, हे मला पाठमोऱ्या खांद्यांवरून कळत होतं.

मला मुलीची आठवण झाली. ती बेंगळुरूला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिनं दूध, दही, तूप सगळं सोडलं होतं. त्यानंतरच्या दिवाळीत तिनं आईनं केलेलं श्रीखंड खायला नकार दिला, तेव्हा मी पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, "हे नखरे तुझ्या बेंगळुरूत कर. या घरात राहायचं तर या घरचं खायचं." ती ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी निघून गेली. आईच्या ऑपरेशनला ती आठवडाभर राहून गेली, पण आमच्यात औषधांपलीकडे बोलणं झालं नव्हतं. फोन आईलाच करायची.

त्या दुपारी मी अंगणात जाऊन तिला फोन लावला.

"आईला काय झालं?" तिनं सगळ्यात आधी हेच विचारलं.

"काही नाही. म्हणजे, जेवत नाहीये. तू..." पुढचं वाक्य मला जड गेलं. "तू उन्हाळ्यात काय खातेस?"

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "कागद-पेन घ्या बाबा."

तिनं सांगितलं ते असं. तांदळाच्या नूडल्स आणायच्या, गव्हाच्या नाही. भरपूर पाण्यात उकळायच्या आणि लगेच गार पाण्याखाली धरायच्या. पांढरे तीळ हलके भाजून थोड्या पाण्यात गुळगुळीत वाटायचे. त्यात लिंबू, मीठ, किंचित गूळ. मसाला अजिबात नाही. वर काकडी, पण साल काढलेली आणि उकळून गार केलेल्या पाण्यात धुतलेली, कारण केमोत कच्चं जपून खायचं.

"आणि बाबा, वास घरात जाऊ देऊ नका. सगळं गच्चीवर करा. सकाळीच, ऊन चढायच्या आधी. पक्का?"

"पक्का," मी म्हणालो.

दुकानदारानं पाकीट देताना विचारलं, "क्या बात है अंकलजी, चाइनीज पार्टी?" मी नुसतीच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला छोटी शेगडी गच्चीवर नेली. नूडल्स जास्त वेळ पाण्यात राहिल्या आणि त्यांची लापशी झाली. तीळ करपले. मी पुन्हा भाजायला घेतले. दुसऱ्या खेपेला मुलगी व्हिडिओ कॉलवर होती. "आता काढा, आत्ता! अहो बाबा, घड्याळ नका बघू, एक तोडून बघा." मी एक नूडल बोटांत तोडून बघितली. नूडल्स गार पाण्यात धुतल्या, निथळल्या, तिळाचं वाटण कालवलं आणि वाटी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली.

बायकोनं वाटी आधी नाकाशी नेली. मी दाराशी उभा होतो. तिनं एक घास घेतला, थांबली. मग दुसरा.

"कशाचाच वास नाही याला," ती म्हणाली. तिनं अर्धी वाटी खाल्ली. तासभर मी बाथरूमच्या दाराकडे बघत बसलो. ती उठली नाही.

पुढचे दोन महिने मी रोज सकाळी तेच केलं. कधी काकडीऐवजी उकडलेलं गाजर, कधी पुदिन्याची दोन पानं. वजन वाढलं नाही, पण उतरायचं थांबलं. एकही डोस लांबला नाही.

जूनमध्ये मुलगी रजा घेऊन आली. पहिल्याच सकाळी माझ्याबरोबर गच्चीवर चढली. ती लिंबू पिळत होती, मी तीळ वाटत होतो. तिच्याकडे न बघता मी म्हणालो, "त्या दिवाळीला माझं चुकलं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. पिळलेली फोड बाजूला ठेवून म्हणाली, "अजून एक लिंबू द्या."

आम्ही दोघांनी मिळून वाटी खाली नेली.

उपचार संपले. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. बायको पुन्हा स्वतः स्वयंपाक करायला लागली. पुढच्या एप्रिलमध्ये एका तापलेल्या सकाळी मला वाटलं, तिला बरं वाटेल. मी नूडल्स केल्या आणि वाटी तिच्यापुढे ठेवली. तिचा चेहरा एकदम उतरला.

"हे माझ्यासमोर आणू नका," ती म्हणाली. "त्याचा वास येतो."

"याला वास नसतो, तूच म्हणाली होतीस."

"मला येतो." तिनं वाटी हलकेच माझ्याकडे सरकवली. "तुम्ही किती केलंत, मला माहीत आहे. पण हे नको."

मी वाटी आत नेली आणि ओट्याशी उभा राहून खाऊन टाकली. मला त्या नूडल्स खरंच आवडायला लागल्या होत्या. संध्याकाळी मुलीला हे सांगितलं.

"मी आले की आपण दोघं खाऊ," ती म्हणाली. "आई देवळात गेली की."

गेल्या महिन्यात ती आली होती, तेव्हा आम्ही तसंच केलं. खाऊन झाल्यावर तिनं भांडी धुतली, मी पुसून जागेवर ठेवली, आणि बायको यायच्या आत खिडक्या उघडल्या.