जुमाकानला दिलेला शब्द

साल्किनच्या पाळीनं दोन वर्षं नुसता छळ मांडला होता. कधी महिन्यातून दोनदा, कधी तीन-तीन महिने पत्ता नाही, आणि आली की अशी, की गादी उन्हात टाकायची चोरी. गावच्या दवाखान्यातली नर्स म्हणायची, "पन्नाशीला असं होतं गं. वर्षभर आली नाही की समज, गेली." मग सलग नऊ महिने काही नाही. वर्ष भरायला तीन महिने बाकी होते, पण साल्किन "सुटले बाई!" म्हणून मोकळी झाली. एवढी घाई नडली बिचारीला.

तिची थोरली जाऊ जुमाकान तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिनं विचारलं, "गेली का गं तुझी भवानी?"

"गेली, जाऊबाई."

"मग मला तू धुवायचं. पायाशी कुणीही बसो, छातीला हात तुझाच लागला पाहिजे."

आपल्या मयताला कुणी आंघोळ घालायची हे माणूस जिवंतपणीच सांगून ठेवतं. चादरीखाली हात घालून धुतात, त्यामुळे छाती जिच्या वाट्याला येते, तिलाच काय ते कळतं. आणि जुमाकानला डावा स्तन नव्हता. तीन वर्षांपूर्वी बिश्केकला जाऊन काढला होता. गावाला सांगितलं, पित्ताशयाचं ऑपरेशन. मॉस्कोला कामाला असलेल्या लेकीला, चोलपोनलाही, तेच. "पोर नोकरी सोडून धावत येईल," जुमाकान म्हणायची. "आणि गावच्या बाया मला मेल्यावरही चघळतील." साल्किननं तिच्या उशाशी शब्द दिला.

थोड्याच दिवसांत, मार्चमध्ये, जुमाकान गेली. दफनाच्या सकाळी अंगणात मयत ठेवलेल्या युर्टबाहेर, म्हणजे गोल तंबूबाहेर, पुरुष रीतीप्रमाणे काठ्या टेकून हंबरडा फोडत होते. साल्किन झारीत कोमट पाणी भरायला वाकली आणि मांड्यांवरून गरम ओघळ आला. संडासात जाऊन बघते तर मोज्यापर्यंत रक्त!

"नऊ महिने कुठं मेली होतीस गं?" ती पोटावर बुक्की मारून रडली. आजचाच दिवस सापडला होय मेलीला?

ती कापड बांधून आली, तेव्हा धुणाऱ्या बायांची म्होरकी, सत्तरीची बुरुलचा आपा, सांगत होती, "कुणाला विटाळ असेल तर आत्ताच बोला. मयताचं पाप डोक्यावर घेऊ नका."

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण जाऊबाईची शेवटची आंघोळ आपल्यामुळं बाटली तर? ती तशीच मातीत गेली तर? साल्किनला पुढचं सुचेना.

"मला... मला चालणार नाही, आपा."

"अगं, तुझी तर गेली होती ना?"

"परत आली."

"या वयात? हौस बघा बाईची!" शेजारची गुलसून खिदळली.

"आपा, छाती तुम्ही धुवा," साल्किननं बुरुलचाचा हात धरला. "तुम्हीच. आणि चादर सरकू देऊ नका."

"शंभर मयतं धुतली मी. मला शिकवतेस?" बुरुलचानं संधिवातानं वाकडी झालेली बोटं पुढं केली. "यांनी होतंय का आता? मी पाणी ओतीन. गुलसून, तू छातीशी बस."

गुलसून! अख्ख्या गावात हीच सापडली! साल्किन बोलायला गेली, पण बोलायचं तर गुपित सांगावं लागणार. युर्टमध्ये मयतापुढं पडदा पडला, पाचजणी आत गेल्या.

पडद्याअलीकडं मॉस्कोहून आलेली चोलपोन बायांमध्ये बसून आईच्या नावानं आक्रोश करत होती. साल्किन जाऊन बसली तशी पोरीनं तिच्या मांडीत डोकं घातलं. साल्किनच्या अंगाखालचं कापड भिजत चाललं होतं, तिला हलताही येईना. आत पाणी पडत होतं. ती मनात म्हणत होती, गप बस गुलसून, तुझ्या पाया पडते, गप बस.

"अगं आई गं! हिला तर एकच..."

"तोंड मिट!" बुरुलचा ओरडली.

युर्टमधलं रडणं थांबलं. चोलपोननं मान वर केली. "काकू, आईला काय एकच?"

पोर साल्किनच्या तोंडाकडं बघत राहिली आणि तिला हळूहळू उमगत गेलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

चोलपोन उठली आणि पलीकडं, परक्या बायांमध्ये जाऊन बसली.