दोघांची सायकल, पुढे मी: अकारोआच्या डोंगरांतली फेरी

माझ्या नवऱ्याने, मकरंदने, ड्रायव्हिंग लायसन्स परत केलं, त्याच महिन्यात त्याची सायकलही गॅरेजच्या भिंतीवर टांगली गेली. त्याच्या डोळ्यांचा आजारच असा आहे, की नजर कडांकडून आत आत मिटत येते. आता त्याला उजेड कळतो, मधोमध काहीतरी धूसर हलताना दिसतं, बस्स. ईस्ट टामाकीच्या कारखान्यातली नोकरी त्याने फोनवरचं काम मागून घेऊन टिकवली. सायकलचं मात्र नाव काढायचा नाही.

मग एका रविवारी नाश्ता करताना म्हणाला, "मेघना, टँडम घेऊ या का? दोघांची सायकल. पुढे तू."

मी हेन्डरसनला फार्मसीत काम करते. माझं सायकलिंग म्हणजे साताऱ्यात शाळेला जाताना केलेलं, तेही आईने चढावर उतरून ढकलायला लावलेलं. तरी सेकंडहँड टँडम आली. माउंट रॉस्किलच्या आमच्या घराजवळ मोटरवेच्या कडेने सायकलवाट जाते, तिथे अख्खा हिवाळा पडत-धडपडत सराव केला. टँडमवर पुढचा माणूस स्टिअरिंग, गिअर आणि ब्रेक सांभाळतो, मागचा फक्त पाय मारतो आणि विश्वास ठेवतो. मकरंदला दुसरं काम जास्त जड गेलं असावं.

जरा जमायला लागल्यावर त्याने खरी गोष्ट काढली. ख्राइस्टचर्चला शिकायला होता तेव्हा तो एकटाच एक फेरी करायचा: लिटल रिव्हर गावातून डोंगर चढून अकारोआ, आणि परत येताना डोंगराच्या माथ्यावरून. "तो रस्ता तुझ्याबरोबर करायचाय." ठरलं. २०१८ चा मार्च, म्हणजे इथला शरद. टँडम गाडीच्या टपावर बांधली, वेलिंग्टनहून फेरीबोट पकडली आणि दक्षिण बेटावर उतरलो. (टँडम टपावर नेणार असाल तर बुटक्या छताच्या पार्किंग इमारतींपासून लांब राहा. आम्ही एकदा थोडक्यात वाचलो.)

लिटल रिव्हरला गाडी ठेवली. नावाप्रमाणेच छोटी नदी, दोन्ही काठांना विलो आणि पिवळे पडू लागलेले पॉपलर, एक कॅफे, एक पेट्रोल पंप. बाटल्या इथेच भरून घ्या. पुढचे काही किलोमीटर सपाट आहेत, दरीतून. मग दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात आणि रस्ता वर तोंड करतो. चढावर आमची टँडम बैलगाडीसारखी. मागे कॅम्परव्हॅनची रांग लागली की मी कडेला घ्यायचे, लोक हॉर्न वाजवायचे तेही कौतुकाने. मकरंद मागे गुणगुणत होता. मला श्वास पुरत नव्हता आणि हा गातोय!

हिलटॉप नावाच्या खिंडीत पोहोचलो. खिंडीच्या पलीकडे एकदम सगळं उघडतं. मी थांबले, पाय टेकले.

"काय दिसतंय?" मकरंदने विचारलं.

"छान आहे."

"छान म्हणजे काय, मेघना? मी एवढा चढ चढलोय. नीट सांग."

मला असलं बोलायची सवय नाही. औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं हे सांगायची सवय. तरी सुरुवात केली. "खाली खाडी आहे. पाणी... मोरचुदासारखं. मध्ये एक जमिनीचं बोट घुसलंय. डोंगर नागडे आहेत, गवत वाळलेलं, सिंहाच्या पाठीच्या रंगाचं." तो हसला. "हां, आता दिसलं."

उतार सुरू झाला आणि माझी शान संपली. टँडमवर दोघांचं वजन असतं, त्यामुळे उतारावर ती एकट्याच्या सायकलपेक्षा कितीतरी वेगाने सुटते. मी दोन्ही ब्रेक घट्ट धरून ठेवले. पहिली वळणं पार झाली आणि जळका वास यायला लागला. कशीबशी कडेच्या खडीत थांबले. चाकाची कड हात लावता येणार नाही इतकी तापली होती.

"ब्रेक सतत धरू नकोस," मकरंद म्हणाला. "वळणाआधी दाब, वळणात सोड. एवढी काय घाबरतेस?"

"तुला दिसत नाही म्हणून तू घाबरत नाहीस!"

बोलून गेले. एक ट्रक गेला, मग मेंढ्यांचा आवाज. मकरंदने हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं.

"दिसत नाही म्हणून तर जास्त घाबरतो," तो शांतपणे म्हणाला. "वळण कधी येतं, कुठे संपतं, काही कळत नाही. पण पुढे तू आहेस, म्हणून बसतो."

मी त्याचा हात धरून तिथेच गवतावर बसले. चाकं गार होईपर्यंत आम्ही डब्यातले गूळ-शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. नंतर थोडं उतरायचं, थांबायचं, पुन्हा उतरायचं, असं करत खाली बॅरीज बेला पोहोचलो. तिथे चीज बनवतात. चव बघायला देतात, एक तुकडा विकत घ्याच. पुढे अकारोआच्या आधी अजून एक डोंगर लागतो, त्याबद्दल कुणी सांगत नाही. मी सांगून ठेवते.

अकारोआ फ्रेंचांनी वसवलेलं गाव. रस्त्यांना 'रू' म्हणतात, घरांच्या खिडक्यांना निळी दारं, कुंपणांवर गुलाब. मोटेल स्वयंपाकघर असलेलं घ्या, बाहेर खाणं महागात जातं. आम्ही टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालून खाडीत डुंबलो, मग धक्क्यावर फिश अँड चिप्स. त्यावर मकरंदने घरून आणलेली लसणाची चटणी भुरभुरली तेव्हा शेजारच्या आजोबांनी "व्हॉट्स दॅट, मेट?" विचारलं आणि चाखून डोळ्यांत पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा धीर खचला होता. माथ्यावरून गेलं तर आधी गावाबाहेरचा लाँग बे रोडचा खडा चढ आणि शेवटी लिटल रिव्हरकडचा मोठा उतार. शटल बसने परत जाता येत होतं. मकरंद म्हणाला, "तू ठरव. मी रागावणार नाही." आणि तो खरंच रागावला नसता, हे मला माहीत होतं. मोटेलच्या मालकीणबाईंनी आमची सायकल बघितली. "लाँग बे रोडने? यावर? गुड ऑन या!"

मी शटलचा नंबर फोनवर काढलेला, तो फोन खिशात टाकला. "चल," म्हटलं.

तो चढ मी विसरणार नाही. सगळ्यांत लहान गिअर, तरी गुडघे ओरडत होते. दोनदा उतरून ढकलली. एका ठिकाणी मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या, त्यांच्या मागे युटमधला, म्हणजे मागे उघड्या गाडीतला, शेतकरी. "किया ओरा! हू इज डुइंग द वर्क?" इथला नमस्कार करून त्याने विचारलं.

"बोथ!" आम्ही एकदमच ओरडलो. तो हसत बाजूला झाला.

माथ्यावरच्या रस्त्याला समिट रोड म्हणतात. डावीकडे अकारोआची खाडी, उजवीकडे उघडा समुद्र, आणि मध्ये आपण. दुकान नाही, पाणी नाही, तेव्हा खाणं-पिणं बरोबर ठेवा. वाऱ्यापासून सावध, कपाऊंडच्या गेटसारखा धाडकन लागतो. मी आता न विचारता बोलत होते: उजवीकडे एक उपसागर, ताटलीत सांडलेल्या दुधासारखा फेस, वाऱ्याने एकाच दिशेला वाकलेली झाडं. मागून "हं," "मग?" असं येत होतं.

पुन्हा हिलटॉप. आता फक्त उतार. मी ब्रेक तपासले, पाणी प्यायले, म्हटलं, "तयार?"

"केव्हाचा."

पहिल्या वळणाआधी दाबला, वळणात सोडला. सायकल झुकली, आणि मला जाणवलं, मकरंद माझ्याबरोबर झुकतोय. माझ्या आधी नाही, नंतरही नाही. दुसरं वळण. तिसरं. जळका वास नाही. दरी खालून वर येत होती, पॉपलर मोठे होत होते, आणि मागून मकरंद ओरडत होता, पोरासारखा, नुसताच "हो!" सपाटीला लागल्यावर मी इतकी रडले की लिटल रिव्हरच्या कॅफेतल्या मुलीने माझे सुजलेले डोळे बघून कॉफीबरोबर एक स्कोन फुकट दिला.

घरी आल्यावर दंड आठवडाभर दुखले. टँडमची ब्रेक पॅड्स बदलली. कुणी विचारलं, आमच्यासारख्या हौशींना ही फेरी जमेल का, तर उत्तर आहे: दोन दिवस घ्या, उताराचा सराव आधी करा, आणि भांडण झालं तर चाकं गार होईपर्यंत बसा.

परवा हेन्डरसनला एका मित्राकडे मराठी मंडळी जेवायला जमली होती. फोटो बघून एक काका मकरंदच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कमाल आहे बुवा तुझी! असं असूनही बायकोला एवढं फिरवून आणलंस!"

मकरंदने हातातली वाटी खाली ठेवली. "काका, मी नाही नेलं. तिने मला नेलं," तो म्हणाला. मग मान ताठ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पण चढावरचे निम्मे पाय माझे होते."

मी पोळ्या वाढत होते. म्हटलं, "निम्म्याहून जास्तच."