ओहायोच्या वाटेवरचा एक बोल्ट

अमेरिकेतल्या एडिसनपासून ओहायोतल्या डब्लिनपर्यंतचा मोटारप्रवास मी सांगलीत अनेकांना रंगवून सांगितला आहे. पेनसिल्व्हेनियाचे डोंगर, एकामागून एक येणारे बोगदे, शेतांमधली लाल कोठारं, सगळं. एक बोल्ट मात्र दर वेळी गाळला. इतकी वर्षं गाळला. आता पंच्याहत्तरी उलटली आहे, तेव्हा या वेळी त्याच्यासकट लिहितो.

मी मुलाकडे, समीरकडे, एडिसनला गेलो होतो. त्याच वेळी त्याचे सासरे विनायकरावही आले होते. ते नागपूरचे, निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांच्या मुलाने डब्लिनला नवं घर घेतलं होतं, म्हणून आम्ही सगळे निघालो.

निघताना मी सवयीने पुढच्या दाराकडे वळलो. मी वरबाप. लग्नात याच विनायकरावांनी मला फेटा बांधून मानाच्या खुर्चीवर बसवलं होतं.

"बाबा, तुम्ही मागे बसा ना," समीर म्हणाला. "अप्पांना मॅप्स मस्त जमतात. ते नॅव्हिगेट करतील."

अप्पा म्हणजे विनायकराव. मी मागे डावीकडे बसलो. मधे सून कल्याणी, उजव्या खिडकीशी आठ वर्षांची इरा. पुढे दोघांचं हसणं चाललं होतं. माझ्याशी समीर इतकं कधी बोलल्याचं आठवत नव्हतं. डोंगरांवर पानं पिवळी-तांबडी झाली होती, पण मी बराच वेळ विनायकरावांच्या टकलाकडेच पाहत होतो.

पहिल्या रेस्ट एरियात (हमरस्त्यावरचा विसाव्याचा थांबा) एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेले साबुदाणा वडे खात असताना टोपीवाल्या एका गृहस्थाने काचेवर टकटक केली. आमचा मागचा उजवा ब्रेक लाइट आणि सिग्नल नीट लागत नाहीत, एवढं सांगून तो निघून गेला.

समीरने ब्रेक दाबला, मी मागे जाऊन पाहिलं. डावा दिवा लख्ख, उजवा मिणमिणता. सिग्नल दिला की तोही तसाच दबलेला. तिकडच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा आणि वळणाचा लाल दिवा एकच असतो, त्यामुळे एक बिघडला की दोन्ही जातात. मी तीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होतो. एका नजरेत कळलं: अर्थिंग. पत्र्याला बोल्टने बांधलेली काळी वायर गंजली असणार.

पण मी बोललो नाही. मला कोणी विचारावं, असं वाटत होतं. वरबापाने आपणहून पुढे होऊन पाना मागायचा का?

"बल्ब गेला असंल," विनायकराव म्हणाले. "होऊन जाईल जी. काही टेन्शन नाही."

पुढच्या गावात स्पेअर पार्टचं दुकान लागलं. गिऱ्हाइकं दुकानाच्या पार्किंगमध्येच गाडी उघडून बसतात. विनायकरावांनी बल्ब बदलला. दिवा तसाच. मला बरं वाटलं. आता तरी विचारतील. पण त्यांनी फोनवर एक व्हिडिओ पाहिला, डिकीचं अस्तर बाजूला केलं, ती काळी वायर शोधली आणि कल्याणीच्या नखं घासायच्या कानशीने तिचं टोक चकचकीत केलं. मग जीभ दातांत धरून बोल्ट आवळला.

"हे पाहा, पेटला!"

"अप्पा, यू आर अ जीनियस!" समीरने त्यांना मिठी मारली. इरा नाचली. मग समीर माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, तुम्हीसुद्धा हेच काम करायचात ना?"

सुद्धा.

दुपारी पुन्हा थांबलो. सगळे आत गेले. मी पाण्याची बाटली काढायला डिकी उघडली. विनायकरावांनी वापरलेला पाना तिथेच होता. मी बोल्ट सैल केला. मनात एवढंच होतं, की थोड्या वेळाने दिवा पुन्हा बिघडेल, विनायकराव गोंधळतील आणि मी म्हणेन, "आणा इकडे."

ओहायोत शिरल्यावर समीरने हमरस्ता सोडायच्या एक्झिटसाठी उजवा सिग्नल दिला. डॅशबोर्डवरचा बाण नेहमीसारखा लुकलुकत होता. मागे काहीच लागलं नसणार. उजव्या लेनमधून येणाऱ्या पिकअपने करकचून ब्रेक मारला, तरी आमच्या मागच्या कोपऱ्याला धडक बसलीच. इराचं कपाळ काचेवर आपटलं.

"आजोबा, इट्स ब्लीडिंग!" ती माझ्याकडे पाहून ओरडली.

माझ्याकडेच पाहून.

तिच्या भुवईवर नंतर तीन टाके पडले. पोलिसाने डिकी उघडून लोंबणारी वायर दाखवली. विनायकराव पांढरेफटक पडले.

"समीर, चूक माझी. बोल्ट मीच सैल ठेवला असंल. काहून हात लावला मी, बाप्पा!"

"अप्पा, लीव्ह इट," समीर म्हणाला. आवाज मात्र सकाळचा नव्हता. कल्याणी वडिलांकडे पाठ करून इराच्या भुवईवर रुमाल दाबत होती. मी इराचा हात धरून उभा होतो. तोंड उघडायला तेवढा एक क्षण होता, आणि तो मी जाऊ दिला.

डब्लिनचं घर सुंदर होतं. तळं, बदकं, जेवणात आधीच तिथे गेलेल्या विहीणबाईंनी केलेली पाटवडी. विनायकराव घासभर जेवले. परतीच्या प्रवासात ते स्वतःच मागचं दार उघडून बसले. "तुम्ही पुढे बसा, व्याहीबुवा." आठशेवर किलोमीटर मी पुढे बसून आलो. समीर रेडिओ ऐकत होता.

मी भारतात परतताना विमानतळावर त्यांनी माझ्या हातात आपला नेहमी खिशात असणारा टेस्टर ठेवला. "तुमच्याकडे राहू द्या. माझ्या हाताचा भरवसा नाही आता." सामानाची रांग पुढे सरकली. मी म्हणालो, "तब्येतीला जपा."

पुढे दोनदा नागपूरला गेलो. दोन्ही वेळा संत्र्याची बर्फी खाऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो. त्यांच्या घरातला पंखा करकरत होता, पण ते त्याला हात लावत नव्हते. गेल्या हिवाळ्यात ते गेले. इरा आता कॉलेजात आहे. व्हिडिओ कॉलवर तिची भुवई दिसली की मी फोन जरा लांब धरतो.

टेस्टर टेबलावर आहे. सांगायचं होतं ते एवढंच होतं: विनायकराव, मला माफ करा. बोल्ट तुम्ही पक्का आवळला होता. सोडवताना माझं मनगट दुखून आलं.