डुलकीरावांच्या नोंदी

डुलकीराव हे नाव त्यांना सहकाऱ्यांनी दिलं आणि त्यांनी ते मुकाट्याने घेतलं, कारण ते खोटं नव्हतं. त्यांचं काम रानातल्या हरणांची झोप मोजायचं. कुरणाच्या कडेला खांबांवर उभी केलेली लाकडी खोली, तिच्या भिंतीला वीतभर फट, फटीपाशी स्टूल, दुर्बीण आणि छापील तक्ता. सकाळी सहा ते दुपारी दोन, दर पाच मिनिटांनी ठरलेल्या हरणीकडे बघायचं आणि रकान्यात अक्षर लिहायचं: झोपली असेल तर ‘झो’, जागी असेल तर ‘जा’, रवंथ करत असेल तर ‘र’. ऐकायला सोपं वाटतं. पण चरणारं रानटी जनावर आपल्यासारखं पाय ताणून घोरत पडत नाही. जरा मान टेकवतं, कान फिरवतं, उठतं, पुन्हा बसतं. त्याची झोप सांडलेल्या वाटाण्यांसारखी, इथे चार तिथे दोन, आणि ती वेचायला डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस लागतो.

तक्त्याच्या मागे बारीक अक्षरांत एक सूचना होती. पाहणाऱ्याचाच डोळा लागला, तर तेवढ्या रकान्यांत ‘डु’ लिहावं. ही सूचना छापणारा एकतर फार भोळा असावा, नाहीतर फार पोचलेला. तिघा निरीक्षकांपैकी दोघांनी ती हसण्यावारी नेली. डुलकीरावांनी पाळली. आठ तास एका जागी बसून डुलकी न येणारा माणूस अजून जन्माला यायचाय. फरक इतकाच, की ते दोघे जागे झाल्यावर मागचे रकाने अंदाजाने भरून टाकत आणि हे भरत नसत.

वर्षाकाठी त्यांचे दोन-अडीचशे ‘डु’ व्हायचे. नऊ वर्षं ते तक्ते कपाटात जात राहिले, कोणी उघडून बघितले नाहीत. मग नवे साहेब आले. नव्या साहेबांना कपाटं उघडायची हौस असते. त्यांनी नोटीस काढली: कामावर झोपता हे तुम्हीच लिहून दिलं आहे, तर कामावरून का काढू नये ते कळवा. पेन्शनला तीन वर्षं उरली होती.

बायको शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवत होती. तिने नोटीस दोनदा वाचली.

“अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. ते दोघे कसे भरतात तक्ते, तसे भरायला काय झालं होतं?”

“तेव्हा ती झोपली होती का जागी होती, मला काय ठाऊक?” डुलकीराव म्हणाले. “ठाऊक नाही ते लिहू कसं?”

बायकोने कपाळावर हात मारला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. ती रागावली होती त्यापेक्षा घाबरली जास्त होती.

संशोधन बघणारी बाई त्यांच्या मुलीच्या वयाची. ती त्यांना काका म्हणायची. तिने सुचवलं की औषधाच्या गोळ्यांनी झोप यायची असं लिहून द्या. डुलकीराव गोळ्या घेत नव्हते, म्हणून त्यांनी ते लिहिलं नाही. तेव्हा तिने साहेबांकडून चाळीस दिवसांची मुदत मागून घेतली. तिघांच्या तिन्ही हरणींच्या गळ्यात तिने नुकतेच पट्टे घातले होते आणि कपाळावर बटणाएवढ्या टिकल्या चिकटवल्या होत्या. पट्टा हालचाल आणि ठावठिकाणा टिपायचा, टिकली मेंदूतली लहर. चाळीस दिवस यंत्रं आणि माणसं एकाच वेळी मोजणार, मग कागद शेजारी शेजारी ठेवून साहेब निकाल देणार, असं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी अकराच्या सुमारास डुलकीराव दचकून जागे झाले. चार रकाने कोरे होते. खाली हरणी दबलेल्या गवतापाशी उभी राहून चरत होती, म्हणजे मघाशी बसली असावी, बसली असेल तर झोपलीही असावी. पेन्सिल दोनदा ‘झो’ लिहायला टेकली. बायकोचा चेहरा आठवला. शेवटी त्यांनी चारदा ‘डु’ लिहिलं, आणि उरलेला दिवस स्वतःवरच चिडून काढला.

निकाल लागायला वेळ लागला नाही. एकाच्या तक्त्यात जिथे सवयीने ओळीने ‘झो’ भरलेले होते, तिथे त्याची हरणी ओढा ओलांडून पलीकडे गेली होती. दुसऱ्याचीही तीच तऱ्हा. डुलकीरावांनी जे अक्षर लिहिलं होतं ते जवळजवळ सगळीकडे बरोबर निघालं. साहेबांनी नोटीस मागे घेतली. चुकलो म्हणायची पद्धत साहेबलोकांत नसते. त्या दोघांची नऊ वर्षं रद्दीत गेली आणि ते रोपवाटिकेत पाणी घालायला गेले. बायकोने बातमी ऐकून डोळे पुसले आणि मग, आता तरी जागे राहा, असं बजावलं.

आठवड्याने बाईने डुलकीरावांना खोलीत बोलावून समोर बसवलं. टेबलावर त्यांचा तक्ता आणि यंत्राची पट्टी एकाखाली एक लावलेली होती. प्रत्येक ‘डु’भोवती तिने लाल पेन्सिलीने गोल काढला होता. चाळीस दिवसांत अडतीस ‘डु’. त्यांतल्या एकतीस वेळा खाली हरणीही झोपलेली होती.

“काका, तिला झोप लागली की तुम्हालाही लागते,” ती म्हणाली. त्यामुळे त्यांच्या तक्त्यांत हरणांची झोप खरी होती त्यापेक्षा कमी भरत होती. पण कुठे दिसलं नाही हे त्यांनी लिहून ठेवलंय, म्हणून हिशेब सुधारता येईल, असं तिने समजावून सांगितलं. ती खूश होती.

डुलकीराव लाल गोल बघत राहिले. त्यांना ते कसं होत असेल ते कळलं. कळप बसला, कान सैलावले, कुठे काही भ्यायचं नाही असं झालं, की फटीतून बघणाऱ्यालाही निर्धास्त वाटायचं. त्यांनी एका गोलावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

“म्हणजे बाई, ती झोपते कधी हे बघायला मी नऊ वर्षं बसलो,” ते म्हणाले, “आणि ती खरी झोपायची तेव्हा मी तिथे नव्हतोच.”