पत्रातले पक्षी

माझे सासरे पद्माकर २०१४ साली सिंगापूरला आमच्याकडे सहा महिने राहिले आणि त्या सहा महिन्यांत त्यांनी माझी तब्येत एकदाही विचारली नाही. मला ताप आला तर म्हणाले, "आज हवेत दमटपणा फार आहे." क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमधल्या आमच्या कॅलेंडरवर मात्र रोज त्यांची नोंद: पाऊस तीन दहा ते चार पाच, वारा नैर्ऋत्येचा. अशा माणसावर चिडायचं तरी कसं? मी प्रयत्न केला, जमलं नाही.

नोकरीच तशी केलेली. ऐंशीच्या दशकात सहा वर्षं ते निकोबार बेटांवर, नानकौरीच्या वेधशाळेत निरीक्षक होते. दिसेल तेवढंच लिहायचं, आपलं काही त्यात घालायचं नाही, हा तिथला नियम. पुण्याला आजारी बायको आणि सात वर्षांची मुलगी मेधा, म्हणजे पुढे माझ्या गळ्यात माळ घालणारी. तिला ते बोटीने पत्रं धाडायचे, तीही त्याच नियमाने. निकोबारी पोपट, मानेला झालर असलेलं कबुतर, नुसते पक्षीच पक्षी. ‘तू कशी आहेस’ एवढं एकाही पत्रात नव्हतं.

मेधाच्या मनात ते सलत राहिलं. बाबांच्या गोळ्या, मऊ भात, सगळं ती वेळेवर करायची. पण बर्ड पार्कचं नाव निघालं की तिला हटकून काम आठवायचं. ते दर गुरुवारी एकटेच एमआरटी मेट्रोने बून ले स्टेशनला आणि पुढे बसने जुरोंग बर्ड पार्कला जायचे. तिथे निकोबारचं कबुतर होतं.

"मेधा, एकदा येतेस?"

"बघू."

बापलेकीचं सहा महिन्यांचं बोलणं जवळपास एवढंच.

परत जायच्या आधीच्या रविवारी ते शेवटचं बर्ड पार्कला निघाले, तर त्यांचा गुडघा सुजला. "मग राहू दे," असं म्हणून ते कॅलेंडरकडे बघत बसले. मेधा माझ्यावरच खेकसली, "बसलायस काय नुसता? टॅक्सी बोलाव."

तिथे मोठ्या जाळीच्या आत पक्ष्यांबरोबर माणसंही फिरतात. एक कबुतर पायवाटेवरून आमच्याकडे चालत आलं. काळपट हिरवं, मध्येच तांब्यासारखं चमकणारं. सासऱ्यांनी बोट दाखवायच्या आत मेधा म्हणाली, "शेपूट आखूड, पांढरं. सतरा नोव्हेंबरचं पत्र."

ते तिच्याकडे बघतच राहिले.

"सगळी पाठ आहेत, बाबा. मेगापोडचं सुद्धा. कोंबडीएवढा पक्षी. अंडी मातीच्या ढिगात पुरतो, पिल्लू एकटंच बाहेर येतं, आईबाप त्याला भेटतच नाहीत. मला वाटलं, तुम्ही माझंच लिहिलंय. एकदा तरी विचारायचं होतंत, कशी आहेस म्हणून."

सासरे बाकावर टेकले. "तू ‘बरी नाही’ म्हणून लिहिलं असतंस, तर मी मिळेल त्या बोटीत बसलो असतो. नोकरी गेली असती. तुझ्या आईचं औषधपाणी त्या नोकरीवर होतं. भीती वाटायची मला, म्हणून विचारलं नाही."

माझ्या हातातली पाण्याची बाटली घेऊन मेधाने झाकण उघडलं, त्यांना दिली आणि शेजारी बसली. मला भरून आलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

ते पुण्याला गेले. तीन आठवड्यांनी पोस्टाने पाकीट आलं. घरात फोन असताना पत्र! आत एकच ओळ होती: "मेधा, तू कशी आहेस?" पक्षी एकही नव्हता.

मेधा कागद घेऊन खिडकीशी बसली. दुपारचा चहा निवून गेला तरी ती लिहीतच होती. ताप, परीक्षा, शाळेतलं गॅदरिंग, आई गेली तो दिवस, सगळं. चार पानं भरली, तेव्हा कुठे तिने खाली लिहिलं: "आता बरी आहे, बाबा."